पौंड दहा हजार फक्त

चेकवर अक्षरी रकमेच्या पुढे 'फक्त' हा शब्द लिहितात. मागाहून कोणी आणखी काही चिकटवू नये म्हणून हा बंदोबस्त, हे बँकेचा शिपाईसुद्धा सांगेल. पण गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून माझं असं ठाम मत झालं आहे की, मराठी भाषेत 'फक्त'सारखा फसवा शब्द दुसरा नाही. 'फक्त दोन मिनिटं' म्हणून आलेला पाहुणा जेवून जातो. 'फक्त सही करायची आहे' असं ऐकून जामीन राहिलेला माणूस पुढची सात वर्षं मूळ कर्जदाराचा पत्ता शोधत हिंडतो. आणि 'एवढा एकच हप्ता, फक्त' म्हणून ज्यानं खिशात हात घातला, त्याचा हात पुन्हा बाहेर येतो तो रिकामा खिसा उलटा करूनच.

इंग्लंडच्या इतिहासात असा एक 'फक्त' आहे. साल इसवी सन ९९१. रक्कम पौंड दहा हजार. देणारे सॅक्सन, घेणारे व्हायकिंग.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी आमचा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण त्याचा एक फायदा असा की, इतिहासाच्या माणसाला लढाईत तलवार दिसते, आणि आम्हाला तलवारीखालचं व्हाउचर. कोण जिंकलं हे वाचून झालं की, आमची नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते : खर्च कुठल्या खात्यात टाकला?

प्रथम पक्षकारांची ओळख. व्हायकिंग म्हणजे डोक्यावर बैलाची शिंगं लावलेला, दाढीवाला, आरडाओरडा करणारा माणूस, अशी आमच्या चिरंजीवांची आणि बहुतेक जगाची समजूत आहे. ही शिंगं खऱ्या व्हायकिंगांना नव्हती. ती त्यांना १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीत नाटकांसाठी कपडेपट करणाऱ्या डोप्लर नावाच्या गृहस्थांनी बहाल केली, आणि नाटकातली शिंगं कायमची डोक्याला चिकटली. खरे व्हायकिंग म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडचे दर्यावर्दी. व्यापारही करत, शेतीही करत, आणि सवड मिळाली की लूटही करत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर ते ७९३ साली आले आणि पुढे पावणेतीनशे वर्षं येतच राहिले.

सॅक्सन म्हणजे इंग्लंडचे त्या वेळचे घरमालक. तेही पाचशे वर्षांपूर्वी होड्यांतूनच येऊन तिथे घुसले होते. पण पाचशे वर्षांत सातबारा नावावर झालेला असतो, आणि सातबारा नावावर झाला की, नंतर होडीतून येणारा प्रत्येक जण माणसाला चोर वाटतो.

तर ९९१ च्या उन्हाळ्यात व्हायकिंगांचं एक मोठं आरमार इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आलं. एका बखरीत जहाजांचा आकडा ९३ दिला आहे. इप्सविच गाव लुटून ते एसेक्समधल्या मॉल्डन गावाजवळ आले आणि ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीतल्या एका बेटावर उतरले. या बेटाचं नाव नॉर्दी असावं असं जाणकार मानतात. बेट आणि किनारा यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. भरती आली की ती पाण्याखाली जाते आणि ओहोटीला वर येते. कोकणातल्या वाचकांना हा प्रकार नव्यानं समजावून सांगायला नको.

किनाऱ्यावर सैन्य घेऊन उभा होता एसेक्सचा सुभेदार बिर्टनॉथ. (उच्चार याहून अवघड आहे. आपण कामापुरता घेऊ.) पिकल्या केसांचा, पस्तीस वर्षं सुभेदारी केलेला. म्हणजे रिटायरमेंट कधीच उलटून गेलेली, पण प्रॉव्हिडंट फंडाची सोय नसल्यामुळे नोकरीत राहिलेला.

या लढाईवर कोणा सॅक्सन कवीनं एक दीर्घकाव्य रचलं. त्याची सुरुवात नाही आणि शेवटही नाही, मधल्या सव्वातीनशे ओळी तेवढ्या उरल्या आहेत. मूळ हस्तलिखित १७३१ साली लंडनमधल्या एका आगीत जळालं. त्याआधी काही वर्षं कोणी तरी त्याची नक्कल करून ठेवली होती म्हणून आज ते वाचायला मिळतं. कागदाची कॉपी काढून ठेवावी असं आम्ही ग्राहकांना रोज सांगतो आणि ते आमच्याकडे कारकुनी किडा म्हणून पाहतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

काव्यात असं आहे की, आधी व्हायकिंगांचा निरोप्या पाण्यापलीकडून ओरडला. मजकूर साधारण असा : उगाच लढून दोघांचंही नुकसान कशाला? सोनं द्या, आम्ही जहाजात बसून चालते होतो. वसुलीचं इतकं सौम्य पत्र मी आजवर पाहिलेलं नाही. बिर्टनॉथनं ढाल उंचावून उलट टपाली उत्तर दिलं : देऊ की, भाल्यांची टोकं आणि जुन्या तलवारी देऊ.

झालं. बोलणी फिसकटली. पण लढायचं कसं? मध्ये भरतीचं पाणी. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी, आणि एकमेकांपर्यंत पोचत होते ते फक्त बाण. ओहोटी लागली, वाट उघडी पडली, तेव्हा तिच्या तोंडाशी सॅक्सनांचे तीन वीर उभे राहिले : वुल्फस्तान, एल्फेरे आणि माक्कस. वाट इतकी चिंचोळी की, तिघांनी अख्खं सैन्य थोपवलं. आपल्याकडे हे वाचताना कोणालाही घोडखिंड आठवेल, आणि पुढे आता काय होणार म्हणून छाती भरून येईल.

पुढे जे झालं त्यानं मात्र छातीऐवजी डोळे भरून येतात. व्हायकिंगांच्या लक्षात आलं की, इथून आपली डाळ शिजत नाही. तेव्हा त्यांनी विनंती केली की, आम्हाला जरा पलीकडे येऊ द्या, म्हणजे नीट लढता येईल. आणि बिर्टनॉथ म्हणाला, या.

खरोखर, या म्हणाला! 'ओफरमोड' असा शब्द कवीनं तिथे वापरला आहे. त्याचा अर्थ गर्व, ताठा की नुसतंच वाजवीपेक्षा जास्त काळीज, यावर विद्वानांचे वाद आहेत. टोलकीन या प्राध्यापकांनी, ज्यांच्या अंगठीच्या कादंबऱ्यांवर पुढे सिनेमे निघाले त्यांनी, १९५३ साली या एका शब्दासाठी सविस्तर टिपण लिहून बिर्टनॉथच्या हौसेवर कोरडे ओढले. उलट बाजूचे लोक म्हणतात, त्यानं केलं ते बरोबरच. वाट अडवून ठेवली असती तर हे लोक जहाजात बसून पुढच्या गावी गेले असते, आणि तिथे बिर्टनॉथ नसता. समोर आहेत तोवरच निकाल लावावा हा हिशेब काही अगदी वेडगळ नाही.

हिशेब बरोबर असो की चूक, बॅलन्स जुळला नाही. बिर्टनॉथनं वाट दिली आणि त्याचीच वाट लागली. तो पडला. गॉड्रिक नावाचा त्याचाच एक माणूस नेमक्या त्याच्याच घोड्यावर बसून पळाला. लांबून लोकांना घोडा ओळखू आला, स्वार नाही. साहेबच निघाले म्हटल्यावर निम्मं सैन्य निघालं. ऑफिसात साहेबांची स्कूटर फाटकाबाहेर गेली की जे होतं, तेच. पण काही जण राहिले. धनी मेला, आता जिंकण्याची आशा नाही, हे स्वच्छ कळत असूनही ते एकेक करून पुढे गेले आणि त्याच्या प्रेताभोवती लढत मेले. विनोदी लेख लिहिणाऱ्यानं इथे थोडं गप्प बसावं हे बरं.

बिर्टनॉथचं धड ईलीच्या मठातल्या साधूंनी नेलं. डोकं व्हायकिंगांनी नेलं होतं. त्या जागी साधूंनी मेणाचा गोळा ठेवून दफन केलं, असं मठाच्या बखरीत आहे. १७६९ मध्ये अवशेष हलवताना पाहिलं तर कवटी खरंच नव्हती.

इथवर वीरगाथा झाली. आता आमचं खातं सुरू होतं.

मॉल्डनचा पराभव होताच कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक यांनी सल्ला दिला की, या लोकांना पैसे देऊन वाटेला लावावं. राजा होता एथेलरेड. पोरवयात गादीवर बसलेला, आणि तोही सावत्र भावाचा खून झाल्यामुळे. म्हणजे गादीला पहिल्यापासून डाग. त्यानं मान डोलावली आणि दहा हजार पौंड दिले. फक्त.

आता हे पौंड म्हणजे नोटा नव्हेत. एक पौंड म्हणजे २४० चांदीच्या पेनी. दहा हजार पौंडांच्या झाल्या २४ लाख पेनी. आमच्या हेडकॅशियरांना मी विचारलं की, हे मोजायला किती वेळ लागेल? त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून सांगितलं, सेकंदाला एक या दरानं, रोज आठ तास, मध्ये चहा नाही, तर त्र्याऐंशी दिवस. आणि मग म्हणाले, "शेवटी दोन पेनी कमी भरतील, आणि त्या माझ्या पगारातून जातील."

वाचकहो, तुम्ही जर एखाद्या सोसायटीत राहत असाल तर पुढचा इतिहास मी सांगण्याची गरज नाही. वर्गणीला मुलं येतात. पहिल्या वर्षी आपण एक्कावन्न देऊन बोळवण करतो. दुसऱ्या वर्षी मुलं येतात तेव्हा त्यांच्या हातात पावतीपुस्तकाबरोबर गेल्या वर्षीचं पावतीपुस्तकही असतं. "काका, गेल्या वर्षी एक्कावन्न होते." म्हणजे एक्कावन्न हा आता पाया झाला, बोलणी त्याच्या वरून सुरू. आमची ही म्हणते, "देऊन टाका हो, उगाच जिन्याखाली गाडीची हवा जाते." सिगेरिक आर्चबिशपांनी एथेलरेडला याहून वेगळं काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

व्हायकिंगांचं पावतीपुस्तक पुढे असं फाटत गेलं : ९९१ मध्ये १०,०००. ९९४ मध्ये १६,०००. १००२ मध्ये २४,०००. १००७ मध्ये ३६,०००. १०१२ मध्ये ४८,०००. बखरीच्या निरनिराळ्या प्रतींत आकडे थोडे मागेपुढे होतात, आणि बखरकारानं ते फुगवले की नाही यावर इतिहासकारांची अजून झटापट चालू आहे. पण चढ बघा. सोळाचे चोवीस म्हणजे दीडपट, चोवीसचे छत्तीस म्हणजे पुन्हा दीडपट. चक्रवाढीचा इतका सुबक तक्ता आमच्या ट्रेनिंग कॉलेजातसुद्धा कोणी फळ्यावर काढला नव्हता.

आणि यातली सगळ्यात दुखरी गोष्ट सांगू? हा पैसा वेळेवर जमला. एवढी चांदी त्या काळी गोळा करू शकणारं राज्य म्हणजे काही तरी भोंगळ कारभार नव्हता. देशभर साठ-सत्तर टांकसाळी होत्या. प्रत्येक नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला टांकसाळीच्या गावाचं नाव आणि नाणं पाडणाऱ्या माणसाचं नाव. नाणं खोटं निघालं तर त्या माणसाचा हात तोडण्याचा कायदा तिथे पूर्वीच होऊन गेला होता. आमच्याकडे नुसतं चार्जशीट मिळतं. शिवाय दर पाच-सहा वर्षांनी जुनी नाणी मागे घेऊन नव्या छापाची देत. २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे नोटा एकदा बदलल्या तर काउंटरच्या आतल्या आम्हा मंडळींना रात्री झोपेत टोकन नंबर ऐकू यायचे. एथेलरेडच्या कारकुनांनी हा सोहळा त्याच्या कारकिर्दीत किती तरी वेळा पार पाडला. जमिनीच्या हिशेबानं कर बसवायचा, गोळा करायचा, तोलायचा, पोचवायचा, सगळं चोख. सैन्य वेळेवर जमत नसे. हप्ता मात्र वेळेवर जमे. मागणारा चोर असला तरी त्याला एक दिवस थांबावं लागत नव्हतं. कारकुनानं काम उत्तम केलं तरी देश वाचतोच असं नाही, हे वाचून मला दोन दिवस ऑफिसला जावंसं वाटलं नाही.

राजाच्या नावाची थट्टाही इथेच जन्मली. 'एथेलरेड' या नावाचा अर्थ 'थोर सल्ला'. लोकांनी त्याला शेपूट जोडलं 'अनरेड', म्हणजे 'सल्लाच नाही'. थोरसल्ले बिनसल्ले! पुढे जुनी भाषा लोक विसरले आणि 'अनरेड'चं झालं 'अनरेडी', म्हणजे तयारी नसलेला. हजार वर्षं झाली, इंग्लंडमधली शाळकरी पोरं अजून त्याला 'एथेलरेड द अनरेडी' म्हणतात. एखाद्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवर वाईट शेरा पडला की तो पुसला जात नाही, तो असा.

पण एथेलरेडनं नुसते पैसेच दिले असं म्हणणं अन्यायाचं होईल. ९९४ साली ओलाफ नावाचा नॉर्वेचा सरदार डेन्मार्कच्या स्वेनबरोबर लंडनवर चालून आला, तेव्हा एथेलरेडनं सोळा हजार तर दिलेच, पण ओलाफला बोलावून त्याचा धर्मपिता झाला, भेटवस्तू दिल्या आणि 'पुन्हा शत्रू म्हणून येणार नाही' असं वचन घेतलं. आश्चर्य म्हणजे ओलाफनं ते पाळलं! तो पुढे नॉर्वेचा राजा झाला. एकरकमी तडजोड करून खरोखर खातं बंद करणारा हा एवढा एकच पक्षकार.

दुसरा उपाय मात्र काळा आहे. १३ नोव्हेंबर १००२ या दिवशी एथेलरेडनं इंग्लंडमधल्या डॅनिश माणसांना मारून टाकण्याचा हुकूम काढला. जहाजातून आलेल्यांवर हात चालत नव्हता, तेव्हा शेजारी राहणाऱ्यांवर चालवला. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला काही डॅनिश लोक चर्चमध्ये शिरले, तर ते चर्च त्यांच्यासकट जाळलं. खुद्द राजाच्याच एका सनदेत हे नमूद आहे. २००८ साली ऑक्सफर्डला खोदकामात तीसहून जास्त तरुण पुरुषांचे सांगाडे सापडले, ते त्या दिवसाचे असावेत असं काही अभ्यासक मानतात. याचा परिणाम एवढाच झाला की, पुढच्या वर्षी स्वेन पुन्हा आला.

तिसरा उपाय आरमाराचा. याला मात्र दाद द्यायला हवी, निदान सुरुवातीला. देशभर जमिनीच्या प्रमाणात जहाजं बांधायला लावून १००९ साली सँडविच बंदरात असं आरमार जमवलं की, बखरकार म्हणतो, यापूर्वी कोणत्याही राजाच्या काळात इतकी जहाजं नव्हती. आता व्हायकिंग येऊन दाखवू देत! पण व्हायकिंग यायच्या आधीच ऑफिस पॉलिटिक्स आलं. बिर्ट्रिक नावाच्या सरदारानं वुल्फनॉथ नावाच्या सरदाराची राजाकडे चहाडी केली. वुल्फनॉथ रागावून वीस जहाजं घेऊन पसार झाला आणि स्वतःच किनारा लुटू लागला. त्याला धरून आणतो म्हणून बिर्ट्रिक ऐंशी जहाजं घेऊन निघाला. वादळ झालं, जहाजं किनाऱ्यावर आपटली, आणि उरलेली वुल्फनॉथनं येऊन जाळली. शंभर जहाजं गेली आणि शत्रूचा एक माणूस अजून दिसलाही नव्हता. हे ऐकल्यावर राजेसाहेब घरी निघून गेले. ऑगस्टमध्ये व्हायकिंग आले तेव्हा बंदर रिकामं होतं.

१०११ मध्ये त्यांनी कँटरबरी घेतलं आणि तिथल्या आर्चबिशपलाच धरून नेलं. हे सिगेरिक नव्हेत. त्यांच्या गादीवर आता एल्फेया नावाचे गृहस्थ होते. व्हायकिंगांनी त्यांच्या सुटकेसाठी वेगळी रक्कम मागितली. एल्फेयांनी सांगितलं, माझ्यासाठी कोणी काही द्यायचं नाही. एप्रिल १०१२ मध्ये ग्रीनिचला दारू पिऊन झिंगलेल्या व्हायकिंगांनी मेजवानीतली बैलांची हाडकं आणि मुंडकी फेकून मारत त्यांचा जीव घेतला. ज्या गादीवरून 'देऊन टाका' असा पहिला सल्ला निघाला, त्याच गादीवरचा माणूस 'माझ्यासाठी देऊ नका' म्हणत मेला. एकाच टेबलावर मागून पुढून दोन माणसं बसली तरी फाइलवरचे शेरे सारखे नसतात.

यानंतर व्हायकिंगांचा एक पुढारी थोर्केल पंचेचाळीस जहाजांसह एथेलरेडच्या नोकरीत आला. म्हणजे आता व्हायकिंगांपासून रक्षण करायला व्हायकिंगच पगारावर ठेवले, आणि त्यांच्या पगारासाठी नवा वार्षिक कर बसला. १०१३ मध्ये स्वेननं अख्खं इंग्लंड घेतलं. एथेलरेड नॉर्मंडीला पळाला, म्हणजे बायकोच्या माहेरी. स्वेन काही आठवड्यांतच वारला, तेव्हा लोकांनी एथेलरेडला परत बोलावलं, पण 'या खेपेला नीट राज्य करायचं' अशी अट घालून. १०१६ मध्ये तो गेला, आणि वर्षअखेर स्वेनचा मुलगा कनूट इंग्लंडचा राजा झाला. त्यानं १०१८ मध्ये आपलं सैन्य परत पाठवण्यासाठी देशाकडून ७२,००० पौंड घेतले आणि लंडनकडून १०,५०० वेगळे. आमच्या हेडकॅशियरांच्या दरानं नुसते बहात्तर हजार मोजायला बरोबर सहाशे दिवस लागतात. वसुलीला येणारा पार्टनरच शेवटी बँकेचा चेअरमन झाला तो असा.

हा पैसा गेला कुठे? स्वीडनमध्ये जमिनीत पुरलेल्या हंड्यांत तो अजून सापडतो. एथेलरेडची नाणी इंग्लंडपेक्षा तिकडेच जास्त सापडली आहेत. स्वीडनमध्येच एक उभी शिळा आहे. तिच्यावर ऊल्फ नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ कोरलेलं आहे की, यानं इंग्लंडमध्ये तीनदा खंडणीतला वाटा घेतला. एकदा तोस्तीनं दिला, मग थोर्केलनं, मग कनूटनं. दगडाचं पासबुक! तीन जमा नोंदी, नाव, आणि कोणाकडून आले तेही. ऊल्फच्या घरच्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही, उलट गावाला दिसेल असं कोरून ठेवलं.

इथे मराठी वाचकानं ऊल्फला हसण्यापूर्वी थोडं थांबावं. चौथाई, म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा, हा शब्द आपण शाळेत मान ताठ करून वाचला. तो आपण काउंटरच्या घेणाऱ्या बाजूनं वाचला म्हणून. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि १७५१ मध्ये नवाब अलीवर्दी खानानं वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. बंगाली आया अजून एक अंगाईगीत म्हणतात, त्यात बाळ झोपल्यावर बर्गी येतात आणि सारा कुठून भरायचा हा प्रश्न पडतो. ते बर्गी म्हणजे आपणच. आपल्या पोवाड्यात जो पराक्रम, तो त्यांच्या पाळण्यात बागुलबुवा. खतावणीचं हेच असतं. एका पानावर जमा दिसते तिचं दुसऱ्या कोणाच्या तरी पानावर नावे निघतंच.

मग बिर्टनॉथ बरोबर की सिगेरिक? लढावं की द्यावं? लोक या दोघांत एकाला शूर आणि दुसऱ्याला भेकड ठरवून मोकळे होतात. मला यात तिसरं एक नाव घालावंसं वाटतं : आल्फ्रेड. एथेलरेडचा हा खापरपणजोबा. इंग्लंडच्या इतिहासात 'थोर' ही पदवी मिळालेला हा राजा. यानंही पैसे दिले आहेत! ८७१ मध्ये एका वर्षात नऊ लढाया होऊन दमछाक झाल्यावर त्यानं व्हायकिंगांशी 'शांतता केली' असं बखर म्हणते, आणि त्या काळी शांतता काय भावानं मिळे ते आपण पाहिलंच. मग एक थोर आणि दुसरा बिनसल्ल्याचा का?

बँकेत याचं उत्तर रोज दिसतं. दोन कर्जदार मुदत मागायला येतात. दोघांचेही हात जोडलेले, दोघांचेही डोळे ओले. एकाला मुदत मिळते आणि तो दुकान सावरतो. दुसऱ्याला मुदत मिळते आणि तो पुढची मुदत मागायचा अर्ज तयार ठेवतो. पैसे देऊन आल्फ्रेडनं मुदत विकत घेतली. तीही पुरली नाही. ८७८ च्या जानेवारीत पुन्हा हल्ला झाला आणि तो दलदलीत लपला. पण त्याच मे महिन्यात त्यानं एडिंग्टनला लढाई जिंकली, आणि खरी गोष्ट म्हणजे जिंकल्यावर गप्प बसला नाही. सैन्याचे दोन भाग केले, अर्धे कामावर, अर्धे घरी शेतावर, आळीपाळीनं. तटबंदीची गावं वसवली. अशा तीसेक गावांची त्याच्या मुलाच्या काळातली यादी आहे. तिच्यात साडेपाच यार्ड भिंतीमागे चार माणसं असा हिशेब मांडला आहे. ती यादी ज्या कारकुनानं केली त्याला मी मनोमन नमस्कार केला. आणि गंमत बघा, आल्फ्रेडचा मुलगा एडवर्ड यानं ९१६ मध्ये तटबंदी केलेलं एक गाव म्हणजे मॉल्डन. पुढच्याच वर्षी व्हायकिंगांनी त्याला वेढा घातला आणि हात हलवत परत गेले. तेच गाव, तीच खाडी, तेच व्हायकिंग. पंचाहत्तर वर्षांनी तिथे भिंतीऐवजी एक म्हातारा सुभेदार आणि त्याचा स्वाभिमान उभा होता.

मात्र कर बसवला की तो उठत नाही, हे कोणत्याही शतकात खरं. थोर्केलच्या पगारासाठी १०१२ मध्ये लावलेला कर १०५१ पर्यंत चालला. मग नॉर्मन राजे आले आणि त्यांनी तशीच पट्टी 'डेनगेल्ड' म्हणजे 'डॅनिशांची पट्टी' या नावानं ११६२ पर्यंत वसूल केली. डॅनिश यायचे केव्हाच थांबले होते. पट्टी बिचारी त्यांची वाट पाहत थांबली होती.

आज मॉल्डनला खाडीकाठी बिर्टनॉथचा तलवार उगारलेला पुतळा आहे, २००६ साली बसवलेला. एल्फेया संत झाले. ऊल्फची शिळा उभी आहे. एथेलरेडला निदान टोपणनाव तरी मिळालं. राहता राहिला तो एसेक्सकडचा शेतकरी. त्यानं ९९१ च्या सुगीत बैल विकून, नाही तर बियाणं विकून, आपल्या वाटणीच्या पेनी आणून दिल्या असतील. त्यातली एखादी स्वीडनच्या एखाद्या कपाटात काचेखाली आजही असेल. तिच्यावर राजाचा चेहरा आहे, टांकसाळीच्या गावाचं नाव आहे, नाणं पाडणाऱ्याचंही नाव आहे.

देणाऱ्याचं नाव घालायला जागा ठेवलेली नाही.